काळ्याची खोली

सुतार चौकटीचं माप घ्यायला आला तेव्हा भर दुपार होती. भिंतीला टेकवून ठेवलेलं चित्र त्यानं खालीवर पाहिलं. ना फूल, ना माणूस, नुसता काळा रंग.

"साहेब, एवढ्या रंगात माझं आख्खं घर रंगवून झालं असतं की!"

चित्रकार हसला नाही. "अकरा वर्षं चढवतोय," तो म्हणाला. "पलीकडे कुणी आहे का, एवढंच विचारतोय."

अशा गिऱ्हाइकांशी वाद घालायचा नसतो. थर किती जाड आहे ते बघायला सुतारानं टेपचं टोक काळ्याला टेकवलं. ते थांबलंच नाही. फूटभर आत गेलं, मग चार फूट, मग नऊ. त्यानं चित्रामागे डोकावून पाहिलं. मागे धडधाकट भिंत होती.

तो घाईनं टेप मागे ओढू लागला, तशी ती ताठ झाली. पलीकडून कुणीतरी टोक धरलं होतं, कामावरचा जोडीदार धरतो तसं, अलगद.

"साहेब, आत कुणीतरी आहे..."

"ओढू नका," चित्रकार कुजबुजला. त्याचे डोळे घळाघळा वाहत होते. "पाया पडतो तुमच्या, ओढू नका."

टेप आत सरकू लागली. सुताराच्या हातातली टेपची डबी थरथरली, आकडे भराभर काळ्यात शिरले. मग टेप थांबली, जरा डावीकडे झाली, जरा उजवीकडे. माप घेताना सुताराचा स्वतःचा हात रोज अशीच हालचाल करायचा.

पलीकडचा त्यांच्या खोलीचं माप घेत होता.