धाकट्याला पोचवायला

औषधाच्या दुकानापाशी मास्टर थांबले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. धाकटा भाऊ बराच मागे होता. खांद्याला फुगलेली सॅक, एक हात पँटच्या खिशात. खिशातल्या किल्ल्या सारख्या खुळखुळवत होता. लहानपणापासून त्याचं हे असंच. बेचैन झाला की हाताला काहीतरी चाळा लागायचा.

"पत्ता नक्की माहीत आहे ना तुला?"

"इथेच आहे कुठेतरी. तू विचार ना, दादा."

"मी? गरज कुणाला आहे?"



मास्टरांचं शिवणकामाचं दुकान होतं. कोट शिवावा तर त्यांनीच, असं लोक म्हणायचे. हल्ली मात्र कटिंग त्यांनी कारागिराकडे सोपवलं होतं. नवा चष्मा काही डोळ्यांना मानवत नव्हता, कात्री भलतीकडेच जायची. बायको मुलीकडे हवापालटाला गेली होती आणि तिकडेच रमली होती. तेव्हा एक संध्याकाळ भावासाठी काढायला काहीच हरकत नव्हती.

गेल्या आठवड्यात धाकटा अचानक दुकानात येऊन उभा राहिला होता. दोन वर्षांनी.

"दारू सोडायची मीटिंग असते, दादा. मला जायचंय. तू येशील बरोबर?"

याच भावाला त्यांनी रात्रीच्या वेळी घराबाहेर काढलं होतं. तेव्हा दोघंही वाटेल ते बोलले होते. आता हा आपण होऊन आला होता, आणि या वेळी त्याला हातचा जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

मास्टर औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर वाकले. आवाज खाली आणला.

"इथे ती दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरते म्हणे."

"समोरच्या वाचनालयात. वरचा मजला," दुकानदार म्हणाला.

"माझ्यासाठी नाही हो. भावाला घेऊन चाललोय."

दुकानदाराने त्यांच्या खांद्यावरून धाकट्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. "आलात ते बरं केलंत," तो म्हणाला.

बाहेर येऊन मास्टरांनी पिशवीतली स्टीलची बाटली काढली आणि दोन घोट घेतले. हल्ली घशाला कोरड फार पडायची.

"दादा, मलाही दे जरा पाणी."

"गरम झालंय हे. तुला दुसरी घेऊन देतो."

आणि दिलीही लगेच. धाकट्याच्या बाबतीत त्यांनी कधी हात आखडता घेतला नव्हता.

"सॅकमध्ये काय आहे?" रस्ता ओलांडताना त्यांनी विचारलं.

"सामान."

"दाखव."

"वर गेल्यावर दाखवतो."

मास्टर काय समजायचं ते समजले. पिणाऱ्याची पिशवी कशाने जड होते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण मीटिंगच्या दारात तमाशा नको, म्हणून ते गप्प राहिले.

"वहिनीचा फोन आला होता मला," धाकटा म्हणाला. "तिलाही वाटतं आपण इथे यावं."

"तिला तुझी काळजी आहेच रे. बोलून दाखवत नाही एवढंच."

जिन्याच्या वळणावर मास्टरांना दम लागला. ते कठड्याला धरून उभे राहिले आणि मग एकदम बोलायलाच लागले.

"पहिला ग्लास मीच दिला तुला. तुला नोकरी लागली त्या दिवशी. म्हटलं, घे, आता मोठा झालास. नाक दाबून प्यायलास तू आणि मी हसलो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आई जाताना म्हणाली होती, याला सांभाळ. हे असं सांभाळलं मी. तुझी नोकरी गेली, संसार मोडला, आणि वर मीच तुला हाकललं. माफ कर म्हणायलाही तोंड नाही मला."

धाकट्याने त्यांचा दंड धरला.

"तू आलास ना दादा आज. पुष्कळ झालं."

"सोडशील ना पण? खरंच?"

"आजच्यापुरतं तरी हो."

"असं आजच्यापुरतं नाही चालणार. शब्द दे मला."

"उद्याचं उद्या बघू," धाकटा म्हणाला आणि त्यांना धरून हळूहळू वर घेऊन गेला.

वरच्या खोलीला कुलूप होतं. मास्टरांना एकदम हायसं वाटलं. का वाटलं, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

"बंद दिसतंय. जाऊ दे, पुढच्या आठवड्यात बघू. मी येईन की परत तुझ्याबरोबर."

धाकट्याने खिशातून जुडगा काढला. न बघता त्यातली एक किल्ली निवडली आणि कुलूप उघडलं. अंधारातच हात आत घालून दिवा लावला. भिंतीशी खुर्च्यांची चवड होती. तो एकेक उचलून गोलात मांडू लागला. मग सॅकमधून चहापत्ती, साखरेचा पुडा आणि कागदी कप काढून त्याने टेबलावर ठेवले. शेवटी दाराजवळची खुर्ची स्वतःच्या रुमालाने पुसली.

"ये दादा, बस," तो म्हणाला, आणि त्याने स्टीलच्या बाटलीसाठी हात पुढे केला.