मुकी मेंढरं

"पहिली गोष्ट, मित्रांनो," पडद्यावरचे सर सांगत होते, "अभ्यासाला बसताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा."

शिवकन्येनं मान डोलावली आणि पुढचा व्हिडिओ लावला. घ्या! मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला तर ही अक्कल तिनं ऐकायची कशावर? दुपारची भाकर खाल्ल्यापासून तिचं हेच चाललं होतं. घरी बसून लक्ष कसं लावावं, आळस कसा झटकावा, मन कसं ताब्यात ठेवावं. एक सर संपले की दुसरे हजर. समोर जीवशास्त्राचं पुस्तक सकाळच्याच पानावर उघडं पडलं होतं. नीटची परीक्षा तोंडावर आली होती आणि ही तिची दुसरी खेप होती. धास्ती वाटायची म्हणून ती व्हिडिओ बघायची, आणि व्हिडिओ बघून धास्ती आणखीच वाढायची.

घर चिडीचूप होतं. खोलीच्या मागच्या भिंतीला लागूनच मेंढरांचं वाडगं होतं, तरी तिकडूनही आता कधी घंटेचा आवाज यायचा नाही. तिच्या बापानं, रायभानानं, साऱ्या मेंढरा-शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या काढून ठेवल्या होत्या. मागच्या आठवड्यात त्यानं सहज विचारलं होतं, "कुठवर आलं, माय?" आता कुठवर काहीच आलेलं नव्हतं, तर पोरगी सांगणार काय! तिच्या तोंडून निघून गेलं, "ह्या घंट्यांनी डोस्कं उठतंय, आबा. ध्यानच लागंना."

दुसऱ्या दिवशी एकेक जनावर गुडघ्यात धरून रायभानानं सगळ्यांचे गळे मोकळे केले. "चरायला नेताना तरी बांधा," नर्मदाबाईनं नवऱ्याला सांगून पाहिलं. पण एवढ्या जनावरांची रोज सोडबांध करायची म्हणजे पहाटेपासून कालवा, आणि पहाटेच तर लेक वाचायला उठते! माळावरचे बाकीचे मेंढके हसले. झुडपात शिरलेला कळप कानानंच राखायचा असतो. मुकी मेंढरं घेऊन कोण जातं का चारायला? "हसंनात का," रायभान म्हणाला. "पोरीची परीक्षा हाय."

मोबाईलची बॅटरी उतरली. शिवकन्येनं चरफडत कानातल्या वायरी काढल्या, तशी बाहेरची कुजबुज तिच्या कानावर आली.

"अगं हळू. पोरगी वाचायलीय."

ती खिडकीशी गेली. कळप भलत्याच वेळी घरी आला होता. नर्मदाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे गदगदा हलत होते. रायभानाच्या काखेत एक करडू होतं. ते ओरडायला लागलं की तो त्याच्या तोंडात आपलं बोट द्यायचा, मग ते बोट चोखत गप व्हायचं.

"शेळ्या बाभळीत शिरल्या," तो दबक्या आवाजात सांगत होता. "मला वाटलं, हितंच हायत. कानावर कायच न्हाई तर कळावं कसं? म्होरकी पार रेल्वेच्या लाईनीवर गेली. तिच्या मागं मेंढरं. पूर्णेकडनं गाडी आली. लय वरडलो मी. गाडीच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय?"

"किती गेली, अवं?"

"मोजायचं धाडस झालं न्हाई."

म्होरकी म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी तांबडी शेळी. ती वळली की मागचा सारा कळप वळायचा. काखेतलं करडू तिचंच होतं.

शिवकन्येला आपलेच शब्द आठवले. घंट्यांनी डोकं उठतं म्हणे! दिवसभर कानात वायरी खुपसून बसलेल्या पोरीला कसल्या घंट्या आणि कसलं काय? खरं म्हणजे त्या तिला कधी धड ऐकूच आल्या नव्हत्या. आपली चूक झाकायला काहीतरी हवं होतं, मुक्या जनावरांचं नाव घेतलं, मोकळी झाली. आबानं मात्र ते मनावर घेतलं.

सांगून टाकावं. आत्ताच्या आत्ता. शिव्या देतील, मोबाईल दगडावर आपटतील. आपटू देत, त्यानं निदान छातीवरचा हा धोंडा तरी उतरंल. तिनं दार उघडलं आणि ती ओसरीवर आली.

तिला बघून नर्मदाबाईनं घाईघाईनं डोळे पुसले. रायभान तर चोरी पकडल्यासारखा दचकला. त्याचे दोन्ही हात काट्यांनी ओरबाडले होते आणि सदऱ्याची बाही रक्तानं भरली होती. ते रक्त त्याचं नव्हतं.

"आबा," ती म्हणाली, "घंट्यांचं मी जे बोलले ना..."

"त्याचा इचार तू कशाला करायलीस?" तो लगबगीनं म्हणाला. "जनावर हाय, आज ना उद्या जायचंच. मी हाय ना बघायला." करडाच्या तोंडात परत बोट देत तो जवळ आला आणि आपल्याच हातून मोठा गुन्हा घडल्यासारखं त्यानं विचारलं, "आमच्या गलक्यानं तुजं ध्यान तर न्हाई ना मोडलं, माय?"

शिवकन्येनं ओठ उघडले. सगळं जिभेवर आलं होतं. आबा तिच्या तोंडाकडं बघत होता आणि त्याच्या डोळ्यात दुसरी कसलीच काळजी नव्हती.

"न्हाई, आबा."

"मंग झालं!" रायभानाचा जीव भांड्यात पडला. "जा माय, बस वाचत."

ती आत गेली. बाहेरून त्यानं दार हळूच, कडीचाही आवाज होऊ न देता, ओढून घेतलं.