मागची सीट

“मागच्या सीटवर बसणाऱ्याला आराम कितपत? पाचपैकी गुण द्यायचेत,” मेकॅनिकनं कागदावरचं वाचलं आणि कानामागचं पेन काढलं.

चष्मेवाल्यांची बायको टायरांच्या चळतीशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

“ते सोडा,” ती म्हणाली. “पुढचं विचारा.”

“सोडून चालत नाही, काकू. सर्व्हिसिंगच्या कागदाला कंपनीनंच हे पान जोडलंय, ‘गाडीसोबतचे दिवस, मालकाचे अनुभव’. सगळं भरल्याशिवाय शिक्का नाही. आणि दुपारी तुमचे पुतणे मोटरसायकल न्यायला आले की आधी शिक्का बघणार.”

बाकीची उत्तरं तिनं भराभर दिली होती. इंजिन कसं आहे? “गुणी आहे म्हणायचे. सुनेचं कौतुक करावं तसं करायचे.” आवाज? “आमच्या गल्लीला विचारा.” रोजच्या वापराला सोयीची आहे का? “घर ते दुकान, पायी दहा मिनिटं. गाडीनं पंधरा. चष्मा काढायचा, हेल्मेट चढवायचं, मग दोन्ही काड्या आत सारून पुन्हा चष्मा घालायचा. दारात उभं राहून मी बघायची. म्हटलं, एवढ्या वेळात मी भाजी घेऊन आले असते.” मेकॅनिक मनापासून हसला होता. तीही हसली होती.

मागच्या सीटपाशी मात्र गाडं अडलं.

“मी बसलेच नाही, तर गुण कसले देऊ?”

“एकदाही नाही?”

“नाही.”

सात महिन्यांपूर्वी गाडी दारात आली तेव्हा तिनं एकदाच ती सीट नीट पाहिली होती. तळहाताएवढी, पुढच्या सीटपेक्षा वीतभर उंच. “ही काय सीट आहे? फळीवर बसवलेली बाहुली दिसेन मी. आणि धरायचं कशाला?” “मला धर की,” हे म्हणाले होते, तेही शेजारीण गॅलरीत उभी असताना. त्यावर ती जी लाजली आणि लाजल्याचा तिला जो राग आला, त्या भरात ‘या गाडीवर मी बसणार नाही म्हणजे नाही’ असं बोलून गेली. एकदा तोंडातून शब्द गेला की तो पाळायचा, ही तिची जन्माची सवय. शब्द मोडला की तिला घास गोड लागत नसे.

“बरं, ‘लागू नाही’ लिहितो.” मेकॅनिकनं कागद बाजूला ठेवला, आकडीसारखा एक पाना उचलला आणि तो मागच्या चाकाशी उकिडवा बसला. “तेवढी ही मागच्या चाकावरची स्प्रिंग सैल करून देतो. पुतणे एकटेच फिरणार ना?”

“सैल म्हणजे?”

“काकांनी ती दोघांच्या वजनाला कसून घेतली होती. पार शेवटच्या खाचेपर्यंत. गाडी घेतली त्याच दिवशी. मी म्हटलं, काका, तुम्ही एकटे, त्यात अंगानं असे किडकिडीत. एवढी कडक ठेवलीत तर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा कमरेत बसेल. पहिल्या सर्व्हिसिंगलाही म्हटलं. ऐकतील तर शपथ!”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, राहू दे तशीच. ती कधी हो म्हणेल त्याचा नेम नाही. ऐन वेळी पाना कुठं शोधत बसू?”

बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवला. मेकॅनिकनं तिकडं लक्ष दिलं नाही.

दुकान बंद करून आले की हे पालथे पडायचे आणि ती त्यांच्या कमरेला मलम चोळायची. रोज. हात चोळत असायचे आणि तोंडाचा पट्टा चालू असायचा. “शोभतं का या वयात? बसा आणखी त्या घोड्यावर. एक दिवस खुर्चीतून उठता येणार नाही.” हे उशीत तोंड खुपसून म्हणायचे, “जरा डावीकडे.” त्यापलीकडं कधी एक अक्षर नाही. आणि एका दुपारी गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून हे खरोखरच खुर्चीतून उठले नाहीत. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. गाडी तेव्हा दुकानाबाहेर उभी होती. तिचा काही दोष नव्हता.

तिनं पर्स खुर्चीवर ठेवली. चपला काढल्या.

“मला वर बसवा.”

“आं?”

“मागं. धरून ठेवाल ना गाडी?”

मेकॅनिकनं ऑइलचं रिकामं खोकं पालथं घातलं, एका हातानं हँडल धरलं आणि दुसरा तिच्यापुढं केला. तिनं तो घेतला नाही. खोक्यावर पाय देऊन, सीटच्या कडेला धरून, ती एकदाची वर चढली. सीट तिनं पाहिली होती तशीच होती, अरुंद आणि उंच. पुढची सीट मात्र सकाळीच ओल्या फडक्यानं पुसलेली, चकचकीत. तिचे हात आपोआप पुढं गेले आणि मधेच थांबले.

मेकॅनिकनं सवयीनं खाली वाकून स्प्रिंगकडं पाहिलं. “बघा, एकट्या माणसानं दबतसुद्धा नाही,” तो म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

तिचे हात तसेच हवेत होते.

मग त्यानं हळूच विचारलं, “करू ना सैल, काकू?”

“करा,” ती म्हणाली. “पण मी उतरल्यावर.”

तो एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातात पाना धरून उभा राहिला.