शनिवारची सुट्टी

"सैन्यात जायचं तर थायलंडच्याच," तेओ हेंग म्हणाला आणि त्याने कोंबडीची तंगडी मोडली. "मातीचं ऋण असतं. पोरगा इथे जन्मला, इथे वाढला."

"ऋण गेलं खड्ड्यात," लमई म्हणाली. "सिंगापूरसारखा देश नाही. काय ती शिस्त, काय ती स्वच्छता! तिथलं सैन्य म्हणजे शाळाच."

दोघांच्या मधे पाकिन बसला होता. वय अठरा, पासपोर्ट दोन. बाप सिंगापूरचा, आई इथली, हाट याईची. काडीमोड होऊन बरीच वर्षं झाली होती. लग्न टिकलं तोवर दोघं एकमेकांच्या देशाला शिव्या घालत. आज जो तो दुसऱ्याच्या देशाची आरती ओवाळत होता. लमईच्या दुकानातली तळलेली कोंबडी खायला हेंग खास सिंगापूरहून आला होता. पोराला शेवटचा भेटला तेव्हा पोराचा आवाजही फुटला नव्हता.

सिंगापूरचं बोलावणं येऊन पडलं होतं. तिथे दोन वर्षं सक्तीची, सुटका नाही. थायलंडमध्ये एकविसाव्या वर्षी चिठ्ठी काढायची. लाल निघाली की सैन्य, काळी निघाली की मोकळा. ज्याला तेवढा धीर नाही, त्याने अठराव्या वर्षीच चिठ्ठ्यांच्या दिवशी स्वतःहून उभं राहावं. पण बोलावणं टाळून इथेच राहिलं, की सिंगापूरचं दार बंद. पाऊल टाकलं तर पकडतील. हे सांगताना हेंग हळहळला, पण फार नाही.

"आणि तिकडे दर शनिवारी पोरांना घरी सोडतात म्हणे," लमई म्हणाली. "मळके कपडे घेऊन यायचं, आईबापाच्या हातचं जेवायचं, रविवारी रात्री परत. पाकिन तुझ्याकडे येईल. खरं ना, हेंग?"

हेंगचं चावणं थांबलं. "सोडतात. म्हणजे, अगदी दर शनिवारी असं नाही. आणि आमचं घर ते केवढं! हुईमिनचं शाळेचं शेवटचं वर्ष, तिची आई आधीच..." पुढचं वाक्य त्याने चिकट भाताबरोबर गिळलं. हुईमिन त्याच्या दुसऱ्या बायकोची मुलगी.

"मी बाहेरच्या खोलीत झोपेन, पा," पाकिन म्हणाला.

"झोपशील रे, आ-बॉय, झोपशील. पण तुलाच अवघडल्यासारखं नाही का होणार? त्यापेक्षा इथे बघ. सुट्टी मिळाली की दहा मिनिटांत आईच्या कुशीत."

पाकिनने आईकडे पाहिलं. "माळ्यावरची माझी जागा राहील ना?"

लमईने फडकं उचललं आणि स्वच्छ असलेलं टेबल पुसायला घेतलं. "विचाईने तिथे टायर ठेवायचं ठरवलंय. माळा त्याच्या पैशाने झाला, मी काय बोलणार?" विचाई तिचा दुसरा नवरा. "आणि इथे सुट्टी देतात कुठे रे! छावणीत घातलं की महिनोन्‌महिने घराचं तोंड दिसत नाही. म्हणून तर म्हणते, पोरा, सिंगापूर बघ."

ताटात कोंबडीचा एक तुकडा उरला होता. हेंगने तो लमईपुढे सरकवला. लमईने तो परत त्याच्यापुढे सरकवला. तू घे, नको, तूच घे. शेवटी पाकिनने तो उचलला आणि टेबलाखालच्या मांजराला घातला.

"दोन्हीकडे मान आहे," हेंग हात पुसत म्हणाला. "शेवटी निर्णय तुझा."

त्याच वर्षी एप्रिलमध्ये शाळेच्या पटांगणात चिठ्ठ्या काढायचा दिवस आला. मांडवाखाली उघड्या छातीची पोरं रांगेत बसली होती. दोरीपलीकडे आया. कुणी ताईत मुठीत घट्ट धरला होता, कुणी काळी चिठ्ठी निघाली तर देवाला शंभर उकडलेली अंडी वाहीन असा नवस पुटपुटत होती. लमई त्यात नव्हती. दुकान बंद ठेवून कसं चालेल?

"चिठ्ठी न काढता स्वतःहून कोण येतंय?" सुभेदाराने माइकवर विचारलं.

पाकिन उठला.

पटांगणात एकच गलका झाला. जितके स्वतःहून जातील, तितक्या लाल चिठ्ठ्या पेटीतून कमी होतात. पोरांनी शिट्ट्या मारल्या. एक बाई दोरीखालून धावत आली, आपल्या पोरासाठी आणलेला हार तिने पाकिनच्या गळ्यात घातला आणि त्याला कवटाळलं. "देवासारखा आलास, लेकरा! धन्य तुझी माउली!" तिने हात सैल केले तरी तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग तिला आपल्या पोराची रांग आठवली आणि ती पळाली.

सुभेदाराला कागदांवरून सगळी हकिकत ठाऊक होती. त्याने पाकिनच्या खांद्यावर हात ठेवला.

"मंडळी, या पोराला सिंगापूर बोलवत होतं! तिथलं सोन्यासारखं आयुष्य सोडून हा आपल्या झेंड्याखाली आलाय. सांग बेटा, सगळ्यांना सांग. थायलंडच का?"

दोनचार म्हाताऱ्यांनी आधीच डोळे पुसले. पाकिनने माइक हातात घेतला.

"साहेब," त्याने विचारलं, "इथे शनिवारी घरी सोडत नाहीत ना?"