जास्तीची किल्ली

पाहुण्यांसाठी ती आणि बाबा सकाळपासून बाजार पालथा घालत होते. दूध घेऊन परतली, तर बाबा किल्लीवाल्यापाशी उभे. "घराची किल्ली कशाला?" "असू दे जास्तीची." तिच्या मनात पाल चुकचुकली. संध्याकाळी पाहुण्यांच्या गर्दीत बाबांनी ती किल्ली आत्याच्या मुठीत कोंबली. "हिला कळू देऊ नकोस." "दादा, तिचे कान भिंतीपेक्षा तिखट आहेत!" म्हणजे घर आत्याच्या घशात! पाहुणे निघताना तिने तोंडदेखलंही 'थांबा' म्हटलं नाही. ती कुणालाच म्हणत नसे. पहाटे बाबा झोपेतच गेले. सगळं आटोपल्यावर ती दार लावून बसली. बेल वाजली तरी उठेना. मग कुलपात किल्ली फिरली. दारात आत्या, हातात डबा. "दादा म्हणाला होता, माझ्यामागे ही दार लावून बसेल, उपाशी." डबा आणि किल्ली ठेवून आत्या वळली. "आत्या, थांब ना."