भेटीचा हातमोजा

कौटुंबिक कायद्याच्या परीक्षेसाठी वृंदा मुलांच्या ताब्याचं प्रकरण वाचत होती. शेजारी तिची लेक शाल्मली, कोर्टाने दिलेला, दूरचा स्पर्श पोचवणारा हातमोजा घालून, दूरच्या शहरातल्या बाबाचा हात धरून झोपी गेली होती. घटस्फोटापासून दर रविवारी बाप-लेकीची भेट अशीच व्हायची. आईने तो मोजा घालायचा नाही, हा नियम वृंदाला तोंडपाठ होता. तरी तिने तो अलगद काढला आणि ओढूनताणून स्वतःच्या हातात चढवला.

पलीकडचा हात थबकला. मग पूर्वीसारखा अंगठ्याने तिचा तळवा चोळू लागला.

“परीक्षा आली की अजून गार पडतात ना हात तुझे?” मोज्यातून दबका आवाज आला.

भेटीची वेळ संपली, मोजा आपोआप बंद होऊन निवला. तिने हात काढला नाही.