कोचची पारखी नजर

माझा भाऊ क्विन्सी बॉल घेऊन पळाला की अख्ख्या जॉर्जियात कुणाच्या बापाला सापडत नाही! पण बुटका. म्हणून खेळाडूंना स्टार देणाऱ्या वेबसाइटने त्याला पाचपैकी दोनच दिले, आणि एकही कॉलेज फुटबॉलची स्कॉलरशिप देईना.

शेवटी एका कॉलेजचे कोच घरी जेवायला आले. "स्टार गेले खड्ड्यात! मी पोराच्या आईची उंची बघतो," म्हणाले, आणि सहा फुटी मॉमकडे बघतच राहिले. "मॅम, हा तुमच्यावर जाणार. अजून चार इंच वाढेल. स्कॉलरशिप पक्की!"

डॅड तोंड उघडणार, तोच मॉमने त्याच्या ताटात चिकनची तंगडी वाढली. "तू जेव रे, हनी."



मॉम आम्हाला पहिल्यांदा भेटली, तेव्हा क्विन्सी नऊ वर्षांचा होता.